जुनं आउटबोर्ड इंजिन घेताना आणि दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात होड्या ओढून शाकारायची घाई सुरू झाली की कुणीतरी ओबीएम (होडीच्या मागच्या फळीला लावायची आउटबोर्ड मोटर) विकायला काढतं आणि कुणीतरी ते घ्यायला निघतं. पुढचे प्रश्न घेणाऱ्याचे आहेत. उत्तरं ८ ते ४० एचपीच्या, कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोक इंजिनांना धरून दिली आहेत, कारण कोकण किनाऱ्यावर जुन्या बाजारात फिरतात ती बहुतेक हीच. फ्युएल इंजेक्शनचं जुनं इंजिन घेत असाल तर त्या कंपनीचा मेकॅनिक सोबत न्या. ते काम अंदाजाने करायचं नाही.

जुनं घेण्यात खरंच अर्थ आहे का?

खाडीत गळ टाकायला जाणारा, छोटी होडी असलेला, किंवा स्वतः पाना-पक्कड हातात धरण्याची हौस असलेला माणूस असेल तर आहे. टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. एकदा खोलून बघितलं की कळतं. पण ज्याचं पोट रोजच्या फेरीवर आहे त्याने एकमेव इंजिन म्हणून जुनं घेऊ नये. दुसरं जोडीला ठेवायला घ्यावं.

हिशोबाला एक सरळ मर्यादा घाला: खरेदी आणि दुरुस्ती मिळून नव्या इंजिनाच्या निम्म्या किमतीच्या वर जाणार असेल तर हात जोडून घरी या. आणि दुरुस्तीचा जो अंदाज कराल तो कमीच निघणार, हेही धरून चाला.

कुठल्या कंपनीचं घ्यावं?

ज्याचे स्पेअर तुमच्या बंदरात मिळतात त्याचं. इथे यामाहा आणि सुझुकीचं सामान सहज सापडतं, त्यांच्यावर हात बसलेले मेकॅनिकही भेटतात. एखादं इंजिन कागदावर कितीही चांगलं असो, त्याचा इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) मागवायला महिना लागत असेल तर हंगाम गेला.

कधीकधी एखाद्या बंगल्याच्या गॅरेजमधून जॉन्सन किंवा एव्हिनरूड निघतं. ओले एव्हिनरूडने १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकीला आउटबोर्डचा धंदा सुरू केला, त्यामुळे नावाला वजन आहे. पण मूळ कंपनी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०२० मध्ये नव्या मालकांनी एव्हिनरूडचं उत्पादनच थांबवलं. जुन्या मॉडेलांचं बरंचसं सामान परदेशातून अजून मिळतं, मात्र कुरिअर आणि कस्टम धरून हिशोब करा. ब्रिटिश सीगल दिसलं तर ते हौसेची वस्तू म्हणून घ्या. त्याच्या जुन्या मॉडेलांना दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागतं. मागे धुराचा लोट निघतो आणि शेजारच्या होडीवाल्याच्या शिव्या फुकट मिळतात.

अलंगहून (गुजरातेत जहाजं तोडतात तिथून) आलेलं जहाजाच्या रेस्क्यू बोटीचं इंजिन घ्यावं का? ‘वापरलेलंच नाही’ म्हणतात.

म्हणणं अर्धं खरं आहे. जहाजावरच्या रेस्क्यू बोटीचं इंजिन आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दर आठवड्याला निदान ३ मिनिटं चालवून बघावं लागतं. म्हणजे वर्षानुवर्षं ते तीन-तीन मिनिटं थंडच चाललं आणि उरलेला वेळ डेकवर खाऱ्या हवेत उभं राहिलं. पिस्टन-सिलिंडर बहुतेक वेळा चांगले निघतात. कार्बोरेटरमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा डिंक, रिंगांवर कार्बन आणि पाण्याच्या वाटेत खार मात्र ठरलेला. शिवाय जहाज तोडायला येईपर्यंतच्या शेवटच्या काळात त्याकडे कुणी बघितलेलं नसतं. भाव योग्य असेल तर मी असं इंजिन पर्यटनाच्या बोटीवर रोज घासलेल्या इंजिनापेक्षा आधी घेईन, पण न खोलता पाण्यात उतरवणार नाही.

बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

जाताना मोठा स्क्रू-ड्रायव्हर, प्लगपाना, चिंधी आणि टॉर्च बरोबर ठेवा. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी ते चालू करून ठेवलेलं आहे. थंड असताना ते कसं चालू होतं हे तुम्हाला दिसू नये, असा त्याचा अर्थ असू शकतो. चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या.

मग कव्हर काढा. आतला भाग जुना, मळकट आणि तेलकट असेल तर चांगली गोष्ट. आत नवाकोरा रंग मारलेला असेल तर का मारला ते विचारा. सिलिंडर हेडवरचा रंग करपून पापुद्रे सुटले असतील तर इंजिन कधीतरी पाण्याविना तापलेलं आहे. जोडांच्या कडेने पांढरी पूड साचली असेल तर तिथून खारं पाणी गळतंय.

आता खाली बसा, कारण इंजिनाची खरी किंमत पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात आणि त्यातल्या गिअरकेसमध्ये असते. गिअरकेसच्या खालच्या स्क्रूखाली चिंधी धरा आणि स्क्रू हळूच, दोन आटे सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. त्यामुळे आत पाणी असेल तर पहिले थेंब स्वच्छ पाण्याचे पडतात आणि मागून तेल येतं. तेल लस्सीसारखं पांढरट आलं तर सील गेलेले आहेत. काळं पण एकजीव तेल चालेल. बोटांत चोळून बघा, लोखंडाचा कीस लागला तर गिअर खाल्लेले आहेत. हे करू द्यायला विकणारा तयार नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पंखा धरून वर-खाली हलवा. शाफ्टमध्ये खेळ जाणवता कामा नये. पंख्यामागे तंगूस गुंडाळलेला आहे का तेही बघा. नायलॉनचा तो बारीक दोरा फिरत फिरत आत सरकतो आणि ऑइल सील कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही. गिअरकेसवर, विशेषतः पंख्याखालच्या पात्याच्या मुळाशी, नखाने ओरखडून बघा. एम-सील भरून वर रंग मारलेला असेल तर नखाला तो प्लास्टिकसारखा मऊ लागतो. तुटलेलं पातं आर्गन वेल्डिंगने नीट होतं, पण केसला गेलेली चीर झाकलेली असेल तर सौदा मोडा.

शेवटी इंजिन वर उचलून बघा, डावी-उजवीकडे वळवून बघा. स्टिअरिंगचा उभा दांडा ब्रॅकेटमध्ये गंजून बसला असेल तर तो काढणं हे दोन माणसांचं, दिवसभराचं आणि बऱ्याच शिव्यांचं काम आहे.

पिंपात चालवून दाखवलं तर तेवढ्यावर समाधान मानू नका. पिंपात इंजिनावर ताण येत नाही. खाडीत न्या, होडीत दोन माणसं बसवा आणि पूर्ण थ्रॉटलवर काही मिनिटं चालवा.

विकणारा म्हणतो, ‘काही नाही हो, फक्त कार्बोरेटर साफ करायचाय.’

मग तो त्याने साफ करून विकायला हवा होता, चार पैसे जास्त मिळाले असते. हे वाक्य ऐकलं की इंजिन बंद आहे असं धरूनच भाव करा.

कॉम्प्रेशन किती असायला हवं?

मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो, म्हणून एकच आकडा डोक्यात धरून जाऊ नका. दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. सगळे प्लग काढा, किल स्विचची (इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून चार-पाच वेळा सारख्या जोराने दोर ओढा. दोघांत १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. एक ११० पीएसआय आणि दुसरा ७५ दाखवत असेल तर रिंग किंवा पिस्टन गेला. सिलिंडर बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिमीचा ओव्हरसाइझ पिस्टन बसवता येतो, पण त्या मॉडेलला तो मिळतो का हे आधी दुकानदाराला विचारा.

शॉर्ट शाफ्ट, लाँग शाफ्ट म्हणजे काय? घेतल्यावर बदलता येतो का?

होडीच्या मागच्या फळीची उंची मोजा. साधारण १५ इंच असेल तर शॉर्ट, २० इंच असेल तर लाँग. इंजिन बसवल्यावर पंख्यावरची आडवी प्लेट होडीच्या तळाला समपातळीत किंवा जेमतेम इंचभर खाली यावी. शॉर्ट शाफ्ट उंच फळीवर लावला तर लाटेत पंखा हवा खातो आणि इंजिन किंचाळतं. बदलता येतो, पण सामान महाग पडतं. फळी कापणं किंवा वर तुकडा जोडणं स्वस्त, तेही होडीच्या सुतारालाच विचारून.

कागद लागतात का?

लागतात. पाण्यात जाणाऱ्या होडीच्या नोंदणीत इंजिनाचा नंबर येतो. ब्रॅकेटवरची नंबरप्लेट जागेवर आहे का, तिचे रिव्हेट मूळचे आहेत का, बिलावरचा नंबर जुळतो का, हे बघा. ओबीएम रात्रीतून सोडवून नेणं सोपं असतं, त्यामुळे चोरीचा माल फिरतो. प्लेट खरवडलेली असेल तर फुकट मिळालं तरी नको. इंजिन सरकारी अनुदानातून घेतलेलं असेल तर विक्रीला अटी असतात. मत्स्यव्यवसाय खात्यात विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि स्टॅम्प पेपरवर, निदान साध्या कागदावर तरी, नंबर घालून विक्रीची पावती घ्याच.

बुडालेलं इंजिन स्वस्तात मिळतंय.

कधी बुडालं आणि बाहेर काढल्यावर काय केलं, हे दोनच प्रश्न विचारा. खाऱ्या पाण्यातून काढल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवून, प्लग काढून, आतलं पाणी फेकून, तेल सोडून त्याच दिवशी चालू केलं असेल तर ते वाचलेलं असतं. खरं नुकसान पाण्यात होत नाही, बाहेर काढून वाऱ्यावर ठेवल्यावर होतं. क्रँकच्या बेअरिंगवर काही तासांत गंज धरतो. म्हणूनच लगेच खोलणं शक्य नसेल तर ते गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचं असतं, हे ऐकून लोक हसतात. चालू असताना बुडालं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकण्याचीही भीती. ‘चार महिन्यांपूर्वी बुडालं, तेव्हापासून अंगणात आहे’ असं उत्तर आलं तर ते स्पेअरपार्टच्या भावाने घ्या.

घरी आणलं. सुरुवात कुठून करू?

दोर ओढून नाही. आधी प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फ्लायव्हील हाताने, सावकाश फिरवा. अडत असेल तर जोर करू नका, आणखी तेल सोडून वाट बघा. फिरलं की स्पार्क तपासा, मग कार्बोरेटर खोला. इम्पेलर बघायचा नाही, बदलायचाच, जुन्याकडे बघून तो कसा दिसतो यावर जाऊ नका. गिअर ऑइलही नवं भरा. एवढं झाल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, आणि पाण्याविना तर पाच सेकंदसुद्धा नाही. ‘आवाज बघतो’ म्हणून कोरडंच ओढणाऱ्यांनी कितीतरी नवे इम्पेलर जाळले आहेत.

बोल्ट निघतच नाहीत, तुटतायत.

स्टीलचा बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं भोक आणि मध्ये खारं पाणी: दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. गंज सोडवणारा स्प्रे मारून एक-दोन दिवस थांबा. मग हॉट एअर गनने बोल्टभोवतीचा अ‍ॅल्युमिनियम तापवा. त्याआधी पेट्रोलची टाकी, नळी, चिंध्या सगळं लांब ठेवा. पाना लावल्यावर पहिल्यांदा किंचित आवळायच्या बाजूला दाबा, ‘टक्’ असा आवाज आला की उलटं फिरवा. गॅसची ज्योत वापरू नका. अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांच्या आसपास थेट वितळतं. तरीही तुटलाच तर लेथवाल्याकडून ड्रिल करून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. परत बसवताना प्रत्येक बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस लावायचं.

स्पार्क नाही. सीडीआय (स्पार्क घडवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलू?

सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात शेवटी. आधी किल स्विचची वायर सोडवून बघा. स्विच आतून गंजून अर्थ होतो आणि चांगल्या इंजिनाचा स्पार्क मारून टाकतो. मग प्लगच्या टोप्या, अर्थच्या वायरी, कनेक्टरमधला हिरवा गंज, त्यानंतर कॉइल. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये सीडीआयच्या जागी पॉइंट (उघडझाप करणारे धातूचे संपर्क) असतात. ते साफ करून गॅप बहुतेक मॉडेलांना ०.०२० इंच ठेवायचा. फ्लायव्हील पुलरनेच काढा, हातोड्याने नाही.

इंजिन चालतं, पण थंड करणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार नीट पडत नाही.

आधी बंद करा, मग पुढचं वाचा.

धार बाहेर येते त्या भोकात बारीक तार घाला. अंगणात उभ्या असलेल्या इंजिनात कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते आणि माणूस इम्पेलर बदलत बसतो. भोक मोकळं असेल तर पाय उतरवून पंप खोला. इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील, कडक झाली असतील तर नवा घाला. एखादं पातं तुटलेलं असेल तर त्याचा तुकडा शोधल्याशिवाय सोडू नका, तो वर जाऊन थर्मोस्टॅटच्या आसपास अडकलेला असतो. नवा बसवताना शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवत पाती आत घ्या. पंपाच्या वाटीवर आणि खालच्या पत्र्यावर चरे पडले असतील तर तेही बदला, नाहीतर नवा इम्पेलर जुन्यासारखंच पाणी देईल.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी गरम करून त्यात टाका. उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. ब्लॉकच्या वाटांमध्ये खार घट्ट बसला असेल तर पांढऱ्या व्हिनेगरने भरून काही तास ठेवा आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवा. बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड ओतू नका, ते खाराबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातं.

गिअर ऑइल पांढरं होतंय.

दोन स्क्रूंखालचे वॉशर आधी बदला. कित्येकदा दोष तेवढाच असतो. तरी पाणी येत असेल तर पंख्याच्या शाफ्टचे, उभ्या शाफ्टचे आणि गिअरच्या दांड्याचे सील बघावे लागतात. सीलवर माप छापलेलं असतं, बेअरिंगच्या दुकानात ते मिळतं, पण घेताना सीलमधली स्प्रिंग स्टेनलेसची आहे का ते विचारा. साध्या स्प्रिंगचा सील खाऱ्या पाण्यात लवकरच गंजतो आणि पुन्हा तेच काम. तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा, नंतर खालचा.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जुन्या इंजिनाला चालतं का?

२०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, त्यामुळे टाळायला फारशी जागा नाही. सांभाळून वापरायला हवं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि किनाऱ्यावर दमटपणाला तोटा नाही. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी बसतो, टू-स्ट्रोक तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला तेलाविना पाणी मिळतं, आणि पिस्टन जाम.

जुन्या रबरी नळ्या, प्रायमरचा फुगा, फ्युएल पंपाचे पडदे सरसकट बदला. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. मिश्रण लागेल तेवढंच करा. काम संपलं की नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

तेल किती घालायचं? मोटरसायकलचं टू-टी चालेल?

मॅन्युअलमध्ये असेल तेवढं. बहुतेक जपानी इंजिनांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. पिस्टन-रिंग नव्या घातल्या असतील तर पहिले दहाएक तास २५:१. मोटरसायकलचं तेल हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. ओबीएम पाण्यामुळे थंड चालतं आणि त्यात ते प्लग आणि रिंगांवर राख धरतं. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलं असेल तेच घ्या.

रॉकेलवर चालवलं तर?

केरळात रॉकेलची ओबीएम सर्रास आहेत, पण ती मुळातच कमी कॉम्प्रेशनची बनवलेली असतात आणि पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घेतात. पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल घातलं तर ते ठोकायला लागतं आणि पिस्टनला भोक पडतं.

रंग कुठला मारू?

हे काम सगळ्यात शेवटचं, आणि लोक सुरुवात नेमकी इथून करतात. पांढरी पूड उघड्या धातूपर्यंत घासून काढा आणि त्याच दिवशी एच (etch, धातूला पकड घेणारा) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर मारा. वर गाडीचा पीयू पेंट छान टिकतो. होडीच्या तळाला मारतात तो तांब्याचा रंग अ‍ॅल्युमिनियमवर कधीही नको, धातू कुरतडला जाईल. आणि जस्ताच्या अ‍ॅनोडवर रंग मारू नका. इंजिनाऐवजी स्वतः झिजणं हे त्याचं काम आहे. निम्मा झिजला की बदला.

पंखा कसा निवडायचा?

पूर्ण थ्रॉटलवर, नेहमीच्या वजनासह, इंजिन मॅन्युअलमधल्या आरपीएमपर्यंत पोचलं पाहिजे. कमी पडत असेल तर कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे ढकलणारा) पंखा. एक इंच पिचने १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. आरपीएम चढतात पण होडी पळत नाही, असं असेल तर पंख्यातलं रबरी बुश घसरतंय.

पहिल्यांदा पाण्यात नेताना?

भरती चढत असताना खाडीत न्या. इंजिन बंद पडलं तर पाणी तुम्हाला आत आणेल. ओहोटीत तेच पाणी खाडीच्या तोंडाबाहेर नेतं. वल्ही, नांगर, लाइफ जॅकेट, जादा प्लग आणि प्लगपाना होडीत हवेतच. किल स्विचची दोरी मनगटाला, आणि इंजिनाला साखळी किंवा दोर बांधून होडीला अडकवलेला. पहिला अर्धा तास निम्म्या थ्रॉटलच्या वर जाऊ नका आणि नजर धारेवर ठेवा. वाफ दिसली तर लगेच बंद.

पावसाळ्यात कसं ठेवायचं?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि पर्यटनाच्या बोटीही उभ्याच असतात. इंजिनांचं वाटोळं याच काळात होतं. शेवटच्या फेरीनंतर गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवा, कार्बोरेटर कोरडा करा, प्लगच्या भोकातून तेल सोडून दोन-तीनदा दोर ओढा, गिअर ऑइल आत्ताच बदला. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बदलण्यात काही हशील नाही, आत पाणी असेल तर तोवर त्याने गिअर खाल्लेले असतात. इंजिन स्टँडवर उभंच ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. वर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर पुरते. दर पंधरवड्याला फ्लायव्हील हाताने एक फेरा फिरवा आणि कव्हर उघडून बघा. उंदरांना वायरिंगची रबरं फार आवडतात.